जॉन हर्ट यांचा अंगठा

गिटारवर ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं लोकसंगीत, शिकायचंय, सुरुवात कुठून करू, असं कुणी विचारलं की आम्ही एकच नाव सांगतो: मिसिसिपी जॉन हर्ट. विचारणारा बहुतेक वेळा हिरमुसतो. त्याच्या डोक्यात इलेक्ट्रिक गिटार असते, ॲम्प्लिफायर असतो, तार ताणून काढलेला लांबलचक सूर असतो. हर्ट यांच्या हातात साधी लाकडी गिटार, डोक्यावर फेल्ट हॅट, आणि आवाज ओसरीवर बसून शेजाऱ्याशी बोलावं इतका हळू. पण एकट्या माणसानं एका गिटारीवर अख्ख्या गावाला रात्रभर कसं नाचवायचं, हा प्रश्न त्यांनी ज्या नितळपणे सोडवला तसा फार थोड्यांनी सोडवला आहे. त्याला वीज लागत नाही, साथीदार लागत नाही. लातूर-परभणीकडच्या शिकणाऱ्याला हे काही कमी सोयीचं नाही.

हर्ट यांचा जन्म १८९३ च्या सुमाराचा, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, कॅरोल काउंटीतल्या टियोक या वस्तीवर. वाढले जवळच्या ॲव्हलॉनमध्ये आणि जवळजवळ सगळं आयुष्य त्याच परिसरात काढलं. ॲव्हलॉन म्हणजे ग्रीनवुड आणि ग्रेनाडा या दोन गावांच्या मधली मूठभर घरं. मिसिसिपी डेल्टाची गाळाची सपाट जमीन तिथं संपते आणि टेकड्या सुरू होतात. पीक कापसाचं. गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्यानं संपली, पण जमीन गोऱ्या मालकांकडेच राहिली आणि काळी कुटुंबं ती बटईनं करू लागली. जमीन, खेचर, बियाणं मालकाचं. हंगामभर किराणा उधारीवर. कापूस विकला की हिशेब मालकाच्या वहीत, आणि वर्षाच्या शेवटी बाकी बहुतेक वेळा बटईदाराच्याच नावावर. निम्म्या वाट्यानं वावर केलेल्या, पाडव्याला साल ठरवलेल्या किंवा मुकादमाची उचल घेतलेल्या आपल्याकडच्या घरांना ही वही समजावून सांगावी लागणार नाही.

आईच्या ओळखीचे एक गिटारवादक घरी मुक्कामाला यायचे. ते झोपले की नऊ वर्षांचा जॉन त्यांची गिटार गुपचूप हाताळायचा. पुढं आईनं दीड डॉलरला एक जुनी गिटार घेऊन दिली. शाळा लवकर सुटली, शेतातलं काम सुरू झालं. गिटारीचा गुरू असा कुणी नव्हता. गिटार कशी वाजायला हवी हे आपल्याला वाटलं, तशी वाजवली, असं ते म्हातारपणी सांगायचे. मधे काही महिने रेल्वेच्या रुळांवरही काम केलं. रूळ सरळ करणाऱ्या टोळीत एक जण ओळ टाकतो आणि बाकीचे त्या ओळीच्या ठोक्यावर एकदम जोर लावतात. तिथलं एक गाणं त्यांच्यासोबत जन्मभर राहिलं.

त्यांचं वाजवणं घडलं ते मात्र शनिवारच्या रात्रींच्या नाचांत. ब्लूज म्हणजे रडगाणं, असा आपल्याकडे एक पक्का समज आहे. हर्ट यांचा गाण्यांचा साठा पाहिला तर तो टिकत नाही. त्यात ब्लूज आहे, खुनाच्या बातम्यांवर रचलेली कथागीतं आहेत, चर्चमधली भजनं आहेत, रॅगटाइमच्या उड्या मारत्या चाली आहेत. पंचक्रोशीत नाच असला की ते जायचे. १९२३ च्या सुमारास विली नार्मर या गोऱ्या फिडलवादकाचा (फिडल म्हणजे नाचाच्या साथीला वाजवलेलं व्हायोलिन) नेहमीचा गिटारवाला नसला की नार्मर हर्ट यांना साथीला घ्यायचे. फिडलच्या साथीला बसलेल्या गिटारीनं करायचं काम एकच: ठोका देणं. ढोल नाही, माईक नाही, लाकडी फरशीवर पायांचा आवाज. अशा ठिकाणी ठोका जरा लडखडला तरी नाचणाऱ्याचा पाय अडकतो.

हर्ट यांच्या अंगठ्याचं मूळ आम्हाला तिथं दिसतं. उजव्या हाताचा अंगठा जाड तारांवर चार-चार ठोके न चुकता देत राहतो. एक खाली, एक वर, एक खाली, एक वर. तर्जनी आणि मधलं बोट बारीक तारांवर गाण्याची चाल वाजवतात. ऐकणाऱ्याला दोन माणसं वाजवताहेत असं वाटतं. गोंधळात तुणतुण्याची तार सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच चालीनं वाजत राहते, कथा सांगणारा कितीही वळणं घेवो. संबळाच्या जोडीत एकीचा आवाज घुमारदार, दुसरीचा टणक. तुणतुण्याचं सातत्य आणि संबळाचे दोन आवाज एका अंगठ्यात आणले की हर्ट यांचा उजवा हात कळायला लागतो. चाल सुंदर आहेच, पण ती या अंगठ्याच्या जिवावर उभी आहे.

आता प्रत्यक्ष हातात कसं आणायचं ते. सगळ्यांत बारीक तार पहिली, सगळ्यांत जाड सहावी, हे धरून पुढचं वाचा.

आधी हात कसा ठेवायचा. अनामिका आणि करंगळी गिटारच्या पाटीवर, भोकाच्या खालच्या बाजूला, हलकी टेकलेली. हर्ट यांचाही हात असाच असायचा. अमेरिकन लोकगायक पीट सीगर यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमातलं त्यांचं चित्रण इंटरनेटवर सहज मिळतं, त्यात उजवा हात नीट पाहून घ्या. टेकलेल्या बोटांवर भार द्यायचा नाही. भार दिला की मनगट ताठ होतं आणि दहा मिनिटांत हात भरून येतो. अंगठा बाकीच्या बोटांच्या इंचभर पुढं, म्हणजे गिटारच्या मानेच्या दिशेला असावा. हा इंच सोडला नाही तर तर्जनी आणि अंगठा एकमेकांवर आपटतात, आणि नवख्यांच्या निम्म्या तक्रारी तिथूनच निघतात. अंगठ्याची हालचाल बुडातून करायची. टोकाचं पेर वाकवून तार ओरबाडली की आवाज पातळ येतो.

पहिला आठवडा फक्त अंगठा. डाव्या हातानं सी कॉर्ड धरा (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांची जुळणी, फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांनी पाडलेले घर): पाचव्या तारेवर तिसरा फ्रेट, चौथीवर दुसरा, दुसरीवर पहिला. अंगठा पाचवी, चौथी, पाचवी, चौथी. मोबाईलवर मेट्रोनोम, म्हणजे ठरलेल्या वेगानं टिक्-टिक् करणारं ॲप, मिनिटाला ६० वर लावा आणि प्रत्येक टिक्‌ला एक ठोका द्या. दोन दिवसांनी तिसरा ठोका सहाव्या तारेवर न्या: पाचवी, चौथी, सहावी, चौथी. त्यासाठी तिसऱ्या फ्रेटवरची अनामिका पाचव्या तारेवरून सहाव्या तारेवर न्यायची आणि लगेच परत आणायची. अनामिका हलत नसेल तर सहावी तार मोकळी वाजली तरी चालेल. मोकळ्या सहाव्या तारेचा ‘ई’ हा सूर सी कॉर्डमधलाच आहे, कानाला खटकत नाही. पण अनामिका हलवल्यावर जो ‘जी’ मिळतो त्यानं खालची बाजू घुमते. तो आवाज एकदा कानात बसला की माणूस आपोआप त्याच्या मागं लागतो.

मग जी कॉर्ड. तिथं अंगठा सहावी, चौथी, सहावी, चौथी. एफ कॉर्डला सगळे अडखळतात. आडवं बोट टाकून सहाही तारा दाबायची गरज नाही. डाव्या हाताचा अंगठा मानेवरून वर आणून सहाव्या तारेचा पहिला फ्रेट दाबा, अनामिका चौथ्या तारेच्या तिसऱ्यावर, मधलं बोट तिसऱ्या तारेच्या दुसऱ्यावर, आणि तर्जनी पहिल्या दोन्ही तारांच्या पहिल्या फ्रेटवर आडवी. पाचवी तार वाजवायचीच नाही. उजवा अंगठा सहावी, चौथी, सहावी, चौथी. हात लहान असेल आणि अंगठा वरून पोहोचत नसेल तर मानेला धरलेला तळवा थोडा सैल सोडा. बहुतेकांचा तळवा मानेला चिकटलेला असतो म्हणून अंगठा अपुरा पडतो.

या तीन कॉर्डवर रोज पंधरा मिनिटं: चार आवर्तनं सी, चार एफ, चार सी, चार जी. आठवड्यानं एक परीक्षा घ्या. अंगठा चालू ठेवून एकोणतीसचा पाढा मोठ्यानं म्हणा. पाढा अडला तर काही बिघडत नाही, अंगठा अडला तर अजून एक आठवडा. ही परीक्षा आम्ही सोडत नाही, कारण पुढं याच अंगठ्यावर गायचं आहे. तोंड उघडल्यावर जो अंगठा लंगडतो तो गाण्याच्या कामाचा नाही.

दुसरा टप्पा चिमट्याचा. पहिल्या ठोक्याला अंगठ्यासोबत मधल्या बोटानं पहिली तार छेडायची, दोन्ही एकाच क्षणी. बाकीचे तीन ठोके नुसता अंगठा.

तिसऱ्या टप्प्यावर खरी गंमत आहे आणि तिथंच गाडी अडते. मोजायचं असं: एक अन् दोन अन् तीन अन् चार अन्. अंगठा आकड्यांवर. ‘एक’ला चिमटा. ‘दोन’च्या पुढच्या ‘अन्’ला तर्जनीनं दुसरी तार. ‘तीन’च्या पुढच्या ‘अन्’ला मधल्या बोटानं पहिली तार. ‘चार’ला नुसता अंगठा. तबला जाणणाऱ्यांसाठी: हे केरव्याचं एक आवर्तन समजा. अंगठा पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या मात्रेला. बोटं चौथ्या आणि सहाव्या मात्रेला. हा ‘अन्’ दोन ठोक्यांच्या अगदी मध्यावर पडत नाही, किंचित उशिरा पडतो. किती उशिरा ते कागदावर सांगता येत नाही; रेकॉर्ड लावून मांडीवर थाप देत बसलं की दोन-तीन दिवसांत अंगात उतरतं.

इथं काय बिघडतं? पहिलं म्हणजे बोट हललं की अंगठा त्याच्यासोबत ओढला जातो आणि दोन्ही एकदम पडतात. वेग ५० वर आणा आणि एका आवर्तनात एकच ‘अन्’ वाजवा, दुसरा दोन दिवसांनी. दुसरं, कॉर्ड बदलताना घाई होते. डावा हात पोहोचला नाही की उजवा थांबतो, आणि उशीर भरून काढायला पुढचे दोन ठोके पळतात. यावर उपाय कडक आहे: डावा हात चुकू दे, अर्धवट पडू दे, मोकळ्या तारा वाजू देत, पण अंगठा थांबवायचा नाही. नाचणाऱ्याला चुकीची कॉर्ड समजत नाही. थांबलेला ठोका लगेच समजतो. तिसरं, चाल झाकली जाते, कारण अंगठा फार जोरात पडतो. तळहाताची कड पुलावर, म्हणजे तारा जिथं पाटीला बांधलेल्या असतात तिथं, हलकी टेकवा. जाड तारांचा घुमार कमी होऊन ठोका आखूड येईल. सूर ओळखू आला पाहिजे; नुसतं टक् टक् ऐकू आलं तर हात पुलाच्या फार पुढं आलाय, अर्धा सेंटिमीटर मागं घ्या.

एवढं बसल्यावर वेग दर आठवड्याला पाचानं वाढवा. नव्वद-शंभरवर आलात की एखादी ओळखीची चाल घ्या. आधी ती तोंडानं गुणगुणा, मग पहिल्या दोन-तीन तारांवर एका बोटानं शोधा, मग अंगठ्यावर चढवा. हर्ट यांच्या वाजवण्यात वरची बोटं गाण्याचीच चाल धरून असतात, म्हणून त्यांची गाणी शब्द न कळताही लक्षात राहतात. इंग्रजी गाण्यापासूनच सुरुवात हवी असं काही नाही. भजनी ठेक्यातलं गावच्या भजनी मंडळाचं कुठलंही भजन या अंगठ्यावर बसतं. पाठ असलेली चाल घेतली की डोकं मोकळं राहतं आणि हातावर लक्ष देता येतं.

ब्लूजचा तो कळवळणारा सूर मिळतो कुठं, हे नेहमी विचारलं जातं. आपल्या भाषेत सांगायचं तर तो कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांच्या मधल्या जागेत राहतो. ई कॉर्ड धरा. तिसरी तार मोकळी असताना कोमल ग, पहिल्या फ्रेटवर शुद्ध ग. तार मोकळी छेडायची आणि लगेच तर्जनी पहिल्या फ्रेटवर आपटायची. दोन सुरांचा जो एक घसरता सूर होतो, तोच तो. हर्ट हे फार जपून वापरतात. ओळीत एकदा, कधी तेवढंही नाही. शिकणारा पोरगा प्रत्येक मात्रेला वापरतो आणि आठवड्याभरात सगळी गाणी एकसारखी वाजायला लागतात.

पुन्हा ॲव्हलॉनकडे. १९२८ साली ओके रेकॉर्ड कंपनीचे टॉमी रॉकवेल नार्मर यांच्यामुळे तिथवर आले आणि नार्मर यांनी हर्ट यांचं नाव पुढं केलं. फेब्रुवारीत मेम्फिसला ध्वनिमुद्रण झालं. भलंमोठं दालन आणि आत तीनच माणसं: हर्ट, रॉकवेल आणि यंत्र सांभाळणारा. मायक्रोफोन तोंडाजवळ आणून ठेवला आणि जागा एकदा ठरल्यावर मान तसूभरही हलवायची नाही असं सांगितलं. मान पुढं कितीतरी दिवस दुखत होती, असं हर्ट सांगत. त्या काळच्या रेकॉर्डच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. मेम्फिसला वाजवलेल्या गाण्यांपैकी दोनच बाजारात आली. नावापुढं ‘मिसिसिपी’ लावलं ते कंपनीनं, खप वाढावा म्हणून. डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कला बोलावलं. तिथल्या थंडीत, एवढ्या मोठ्या शहरात, गावच्या आठवणीनं त्यांनी एक गाणं बांधलं: ‘ॲव्हलॉन ब्लूज’. ॲव्हलॉन माझं गाव, ते सतत मनात असतं, एवढंच त्याचं सांगणं.

रेकॉर्ड बेताच्या खपल्या. १९२९ च्या ऑक्टोबरात अमेरिकेचा शेअरबाजार कोसळला, मंदी आली, रेकॉर्डचा धंदाच बसला. हर्ट परत कापसात गेले. पुढची पस्तीस वर्षं बटई, मजुरी, गुरं राखणं, आणि शनिवारी कुठं नाच असला तर गिटार. गावाला त्यांचं वाजवणं ठाऊक होतं. बाहेरच्या जगाला ते जिवंत आहेत हेही ठाऊक नव्हतं.

१९५२ मध्ये हॅरी स्मिथ यांनी जुन्या रेकॉर्डमधून निवडून अमेरिकन लोकसंगीताचा एक मोठा संच काढला. त्यात हर्ट यांची दोन गाणी घेतली. शहरातली तरुण मुलं ती ऐकून ऐकून झिजवत होती आणि एवढं सफाईनं वाजवणारा हा माणूस कोण, हे कोडं सुटत नव्हतं. मग ‘ॲव्हलॉन ब्लूज’ची प्रत काही संग्राहकांच्या हाती लागली. आपल्या शाहिरांच्या रचनेत शेवटच्या कडव्यात नाव-गाव येतं ना, तसा गाण्यातच पत्ता होता. नव्या नकाशांत ॲव्हलॉन सापडेना. जुन्या नकाशात सापडलं. १९६३ मध्ये टॉम हॉस्किन्स हा वॉशिंग्टनकडचा तरुण तिथं जाऊन थडकला. दुकानाबाहेर बसलेल्यांना त्यानं जॉन हर्ट यांच्याबद्दल विचारलं. रस्त्यानं वर जा, तिसरी टपालपेटी, असं उत्तर मिळालं. हर्ट तेव्हा सत्तरीचे होते. दारात आलेला हा गोरा पोरगा सरकारी तपासनीस असावा अशी त्यांना आधी धास्तीच वाटली. घरात स्वतःची गिटारही नव्हती. हॉस्किन्सनं आपली पुढं केली. बोटं आखडली होती, पण अंगठा शाबूत होता.

त्याच वर्षीच्या जुलैत ते न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात हजारो लोकांपुढं बसले, आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं त्यांची गाणी मुद्रित करून घेतली. पुढची तीन वर्षं कॉलेजं, कॉफीघरं, सभागृहं, नव्या रेकॉर्ड. सगळीकडे तसाच हळू आवाज आणि तीच हॅट. त्या काळातली एक गोष्ट गिटार विकत घेणाऱ्या प्रत्येकाला आम्ही सांगतो. न्यूपोर्टवाल्यांनी त्यांना गिटार घेऊन द्यायचं ठरवलं. न्यूयॉर्कच्या दुकानात एकाहून एक महाग गिटारी होत्या. हर्ट यांनी निवडली ती गिल्ड कंपनीची एफ-३०, आकारानं आटोपशीर आणि साधी. हाताला बसली, पुरे झालं.

तर आपल्याकडे कुठली गिटार घ्यावी. मराठवाड्यात गिटारचा खरा शत्रू कोरडेपणा आहे. लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. फाल्गुनापासून मृगापर्यंत आपली हवा त्याच्या कितीतरी खाली असते आणि पारा बेचाळीस-त्रेचाळीसला. अखंड स्प्रूस लाकडाची पाटी असलेल्या गिटारीचा आवाज गोड, पण एका उन्हाळ्यात ती पुलाजवळ तडकू शकते. काळजी घेणं जमणार नसेल तर प्लायची पाटी घ्या. आवाज थोडा बंद येईल, गिटार टिकेल. आकार मोठा जम्बो नको. हर्ट यांच्या वादनाला लहान अंगाची गिटार बरी, जाड तारा घुमून चाल दाबत नाहीत.

दुकानात तीन एटीएम कार्डं एकावर एक धरा. जाडी सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास होते. बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेखाली ती सरकली आणि वर केसभर जागा उरली तर तार योग्य उंचीवर आहे. चार कार्डं आरामात जात असतील तर एफ कॉर्ड धरताना बोटं रडतील; तार खाली करून द्यायला सांगा, नाहीतर दुसरी पाहा. तारा फॉस्फर ब्राँझच्या, पहिली ०.०११ इंचाची असलेला संच. सुरुवातीला सगळ्या तारा अर्ध्या सुरानं खाली उतरवून लावल्या तरी चालतात. बोटांना सोपं जातं आणि स्वस्त गिटारच्या पुलावर ताणही कमी येतो.

उन्हाळ्यात गिटार खुंटीला टांगू नका, पेटीत ठेवा. साबणाच्या प्लॅस्टिक डबीला दहा-बारा भोकं पाडा, आत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेवा, थेंब गळता कामा नये. ही डबी पेटीत, मानेच्या बुडाशी. स्पंज दोन-तीन दिवसांनी पुन्हा ओला करायचा आणि पाऊस लागला की काढून टाकायचा. मानेवरून हात फिरवताना फ्रेटची टोकं टोचायला लागली की समजा, लाकूड आकसलंय. पाटी भोकाजवळ आत बसली तर तारा खाली येऊन झणझणतात. पावसाळ्यात उलटं, पाटी फुगते आणि तारा उंच जातात. लगेच मानेतला सळईचा स्क्रू पिळायला धावू नका. पिळायचाच तर पाव फेरा, आणि मग एक दिवस थांबा.

कूलरच्या समोर गिटार ठेवणं ही आपल्याकडची नेहमीची चूक. कूलरचा ओला वारा लाकूड पितं, मग लाइट जाते आणि दोन तासांत खोली पुन्हा भट्टी होते. या चढउतारानं लाकडाचं जेवढं नुकसान होतं तेवढं नुसत्या कोरडेपणानंही होत नाही. पत्र्याच्या खोलीत, शेतातल्या आखाड्यावर किंवा मोटारसायकलला बांधून भर उन्हात नेली तर पुलाखालचा गोंद नरम पडतो आणि पूल पाटीपासून सुटायला लागतो. पुलाच्या मागच्या कडेखाली कागदाचा तुकडा सरकतोय का, महिन्यातून एकदा पाहा. सरकला तर तारा सैल करा आणि दुरुस्तीला न्या. तशीच वाजवत राहिलात तर एक दिवस पूल उखडतो, पाटीचा तुकडा घेऊन.

हर्ट यांचा शेवट लवकर आला. २ नोव्हेंबर १९६६ रोजी ग्रेनाडात हृदयविकारानं ते गेले. ॲव्हलॉनजवळच्या टेकडीवर त्यांना पुरलं. त्यांचं छोटं घर पुढं संग्रहालय म्हणून जपलं होतं, ते २०२४ च्या फेब्रुवारीत आगीत गेलं.

ऐकायला सुरुवात १९६३ नंतरच्या ध्वनिमुद्रणांपासून करा. वेग कमी आहे, प्रत्येक तार वेगळी ऐकू येते, अंगठा कुठं पडतो ते मोजता येतं. मग १९२८ ची लावा. तिथं तोच माणूस पस्तिशीतला आहे आणि हात वाऱ्यासारखा चालतो. ‘फ्रँकी’ हे गाणं तारा सुरात लावायच्या नेहमीच्या पद्धतीत बसणार नाही, कारण ते ‘ओपन जी’ या वेगळ्या पद्धतीतलं आहे: सहावी तार आणि पहिली तार डी-पर्यंत उतरवा, पाचवी जी-पर्यंत, बाकीच्या तीन तशाच. तिन्ही तारा उतरवायच्याच असल्यानं तुटायची भीती नाही. जुन्या तबकड्यांचा वेग नक्की नसायचा, त्यामुळे मोबाईलच्या ट्यूनरवर अचूक लावलेली गिटारही रेकॉर्डसोबत बेसूर लागेल. तेव्हा कानाला दोष देऊ नका. ट्यूनर बंद करा, रेकॉर्डमधला खालचा सूर धरा, तुमची पाचवी तार त्याला मिळवा, बाकीच्या तारा पाचवीला मिळवा, आणि अंगठ्यापासून सुरू करा.